कशात दुसरं? ‘ड्यूटेरो-’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द फोडायची पद्धत

बडोद्यातल्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या डोक्यात तीन भाषा सुखाने नांदतात. घरी मराठी, सोसायटीत नि दुकानावर गुजराती, दप्तरात इंग्रजी. बोलण्यात त्यामुळे पोरं तरबेज होतात, पण अकरावीला सायन्स घेतलं की ग्रीक-लॅटिन शब्दांची फौज समोर येते आणि तिन्ही भाषा बाजूला ठेवून घोकंपट्टी सुरू होते. केमिस्ट्रीच्या वहीत ‘ड्यूटेरियम’ असतं, बायोलॉजीच्या वहीत ‘ड्यूटेरोमायसेट्स’. दोन्ही वेगवेगळे पाठ होतात, परीक्षेनंतर दोन्ही विसरले जातात.

‘ड्यूटेरो-’ हा ग्रीक उपसर्ग. अर्थ ‘दुसरा’. एवढं कुठल्याही डिक्शनरीत मिळतं आणि नेमकं एवढ्यावरच लोक थांबतात. ‘दुसरा’ कळून शब्द कळत नाही. रांग कसली लावलीय आणि तिच्यात पहिलं कोण आहे, ते कळलं की शब्द उलगडतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे : कशात दुसरं? नीटची तयारी करणाऱ्यांना ही पद्धत उपयोगी आहे, आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांना त्याहून जास्त.

आधी तुकडा ओळखा, तोतये बाजूला काढा

स्पेलिंग डी-ई-यू-टी-ई-आर-ओ. मुलं हमखास ‘यू’ आधी आणि ‘ई’ नंतर लिहितात, कारण उच्चार ‘ड्यू’ आहे. युरोपच्या स्पेलिंगमध्ये जशी ई आधी आणि यू नंतर, तशीच इथे, आणि कारणही तेच : दोन्हीकडे ग्रीकमधला ‘एउ’ हा जोडस्वर आहे.

पुढचा भाग व्यंजनाने सुरू होत असेल तर उपसर्ग पूर्ण येतो : ड्यूटेरो-स्टोम. स्वराने सुरू होत असेल तर शेवटचा ‘ओ’ गळतो : ड्यूटेर-ॲगोनिस्ट, ड्यूटेर-ॲनोपिया. काही शब्दांत तो आणखी आखडून ‘ड्यूटो-’ होतो. अंड्यातल्या बलकासारख्या पोषक भागाला जुन्या जीवशास्त्रात ‘ड्यूटोप्लाझम’ म्हणत, तो या प्रकारातला.

आता तोतये. जर्मनीचं स्वतःचं नाव ‘डॉइचलँड’, त्याचंही स्पेलिंग डी-ई-यू-टी असंच सुरू होतं. पण ते ‘लोकांची’ अशा अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दावरून आलंय. टेनिसमधला ‘ड्यूस’ लॅटिनमधल्या ‘दोन’वरून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने आला. बागेत लावतात ती ‘ड्यूट्झिया’ एका डच माणसाच्या आडनावावरून. यातल्या कुणाचाही आपल्या उपसर्गाशी संबंध नाही. साधी खूण अशी की ‘टी’च्या पुढे ‘ई-आर’ दिसलं तर बहुतेक वेळा आपला माणूस, नाहीतर संशय घ्यावा.

दोन वेगळे, दुसरा वेगळा

‘डाय-’ म्हणजे दोन, ती मोजदाद. ‘ड्यूटेरो-’ म्हणजे दुसरा, तो क्रम. कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू मोजून दोन आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रसायनशास्त्रात मात्र ‘प्रोटॉक्साइड’, ‘ड्यूटॉक्साइड’ अशी नावं चालत. एखाद्या धातूची ऑक्साइडं ऑक्सिजनच्या चढत्या प्रमाणात लावली, तर हे त्यातलं पहिलं, हे दुसरं, एवढंच ती सांगत. पुढे अणू नीट मोजता येऊ लागले, तशी ही नावं मागे पडली.

आपल्याला संस्कृतची सवय असल्यामुळे ‘देउतेरोस’ हा मूळ ग्रीक शब्द ऐकला की लगेच ‘द्वितीय’ आठवतो आणि दोन्ही एकाच मुळाचे असणार असं वाटतं. बऱ्याच भाषाभ्यासकांना ते मान्य नाही. त्यांच्या मते ‘देउतेरोस’ हा ‘कमी पडणं, मागे राहणं’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला. म्हणजे पहिल्याच्या मागे राहिलेला तो दुसरा. संस्कृतशी नातं आहे ते शब्दाच्या शेपटीचं. ‘-तेरोस’ हा प्रत्यय म्हणजे आपला ‘-तर’ : उच्चतर, लघुतर यांतला. रोजच्या मराठीतल्या ‘इतर’मध्येही तोच बसलाय.

पहिला आणि तिसरा शोधा

या उपसर्गाचा शब्द सहसा एकटा नसतो. आधी ‘प्रोटो-’ म्हणजे पहिला, नंतर ‘ट्रायटो-’ किंवा ‘ट्रिटो-’ म्हणजे तिसरा. हायड्रोजनची भावंडं प्रोटियम, ड्यूटेरियम, ट्रिटियम. त्यांची केंद्रकं प्रोटॉन, ड्यूटेरॉन, ट्रायटॉन. नाटकात प्रोटॅगोनिस्ट, ड्यूटेरॅगोनिस्ट, ट्रायटॅगोनिस्ट. रंगांधळेपणात प्रोटॅनोपिया, ड्यूटेरॅनोपिया, ट्रायटॅनोपिया. नवा शब्द दिसला की त्यातला ‘ड्यूटेरो’ काढून ‘प्रोटो’ घालून बघा. ओळखीचा शब्द तयार झाला तर अर्धं काम तिथेच झालं, कारण ‘प्रोटॅगोनिस्ट’ पुष्कळांना माहीत असतो.

रांगेत तिसरा नसेल तरी बिघडत नाही. प्रोटोस्टोम आणि ड्यूटेरोस्टोम आहेत, तिसरं कुणी नाही. पहिला मात्र असायलाच हवा; कधी तो नावात असतो, कधी नुसता गृहीत धरलेला.

आता मुख्य प्रश्न : कशात?

इथे घाई करू नका. प्रत्येक शब्दाची रांग वेगळी असते.

ड्यूटेरियमची रांग वजनाची. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन, ड्यूटेरियमच्या केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन, ट्रिटियममध्ये दोन. वस्तुमानांक एक, दोन, तीन. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये हा समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू, शोधला, १९३३ मध्ये त्याला नाव दिलं आणि १९३४ मध्ये युरीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नावावरून वादही झाला. भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डला ‘डिप्लोजेन’ हवं होतं. ‘डिप्लो-’ म्हणजे दुहेरी, म्हणजे त्याच्या नावात मोजदाद होती आणि युरीच्या नावात क्रम. टिकला तो क्रम, आणि बरंच झालं. पुढे ट्रिटियम सापडलं तेव्हा त्याच्यासाठी जागा तयार होती.

बडोदेकरांना हा शब्द पुस्तकाबाहेरही दाखवता येतो. शहराच्या उत्तरेला फर्टिलायझरनगरात खताच्या कारखान्याला लागून जड पाण्याचा कारखाना उभा राहिला, तो १९७७ मध्ये सुरू झाला. पंजाबातल्या नांगलचा १९६२ चा, त्यामागून हा. म्हणजे देशातल्या जड पाण्याच्या कारखान्यांत बडोद्याचा दुसरा. जड पाणी म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम आहे ते पाणी. पण हा कारखाना खताला खेटून का? अमोनिया करायला खत कारखान्यात नायट्रोजन आणि हायड्रोजनचं मिश्रण लागतं. निसर्गात हायड्रोजनच्या सहा-साडेसहा हजार अणूंमागे ड्यूटेरियमचा एखादाच असतो. त्यामुळे तो गोळा करायचा तर हायड्रोजनचा साठा प्रचंड हवा आणि तो खत कारखान्यात आयताच मिळतो. त्या वायूतलं ड्यूटेरियम द्रवरूप अमोनियाकडे ओढून घ्यायचं अशी इथली पद्धत होती. उत्प्रेरक पोटॅशियम अमाइड. काक्रापारसारख्या अणुवीज केंद्रात हे पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करायला वापरतात. मुलाला आणखी दोन गोष्टी सांगा, नाव विसरणार नाही : जड पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड असतं आणि ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठतं. त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो.

ड्यूटेरॅनोपियाचे तुकडे तीन : ड्यूटेर, अन्, ओपिया. दुसरा, नाही, दृष्टी. मधला ‘अन्’ आपल्या ‘अनादि’, ‘अनंत’ यांतलाच. इथली रांग रंगांची आहे : लाल पहिला, हिरवा दुसरा, निळा तिसरा. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यातल्या हिरव्याच्या काम करत नसतील तर ड्यूटेरॅनोपिया. म्हणजे फक्त हिरवा दिसत नाही असं नव्हे, लाल-हिरव्याची गल्लत होते. पेशी असून थोड्या बिघडलेल्या असतील तर ‘ड्यूटेरॅनॉमली’, आणि प्रत्यक्षात हाच प्रकार जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात साधारण पाच जणांना. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून बायकांत हे प्रमाण फार कमी. अणुसिद्धान्तवाला जॉन डाल्टन स्वतः रंगांधळा होता. त्याचा जपून ठेवलेला डोळा १९९५ मध्ये डीएनए चाचणीला गेला आणि तो ड्यूटेरॅनोप असल्याचं निघालं, मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी.

ड्यूटेरोस्टोममध्ये ‘स्टोम’ म्हणजे तोंड. इथे मराठी माणूस हटकून फसतो, कारण आपल्या ‘दुसरा’ला दोन अर्थ आहेत. ‘दुसरा नंबर’ यातला क्रमाचा आणि ‘दुसरं पेन दे’ यातला वेगळेपणाचा. गुजरातीतल्या ‘बीजुं’चंही तसंच, त्यामुळे शेजाऱ्याला विचारूनही सुटका नाही. ‘दुसरं तोंड’ म्हटलं की पोरांना दोन तोंडांचा प्राणी दिसतो. प्रत्यक्षात रांग वेळेची आहे. गर्भ वाढताना त्याला आधी एक छिद्र पडतं. ड्यूटेरोस्टोम प्राण्यांत त्याचं गुदद्वार होतं आणि तोंड नंतर, दुसऱ्या ठिकाणी तयार होतं. तारामासा यातलाच, आणि पाठीचा कणा असलेले सगळे प्राणी, म्हणजे आपणही. कीटक, गोगलगायी, गांडुळं प्रोटोस्टोमांत मोडतात. त्यांच्यात पहिल्या छिद्राचं तोंड होतं अशी मूळची समजूत होती. पुढे तिथे अपवाद पुष्कळ सापडले, नाव मात्र राहिलं.

‘ड्यूटेरॉनॉमी’ हे बायबलच्या पाचव्या पुस्तकाचं इंग्रजी नाव. ‘नोमोस’ म्हणजे नियमशास्त्र, कायदा. मग हा दुसरा कायदा का? नाही. यात मोशे आधीचंच नियमशास्त्र लोकांना पुन्हा सांगतो. दहा आज्ञा ‘निर्गम’ या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकात येतात आणि इथे परत येतात. इथली रांग सांगण्याची आहे : पहिल्यांदा सांगणं, दुसऱ्यांदा सांगणं. नावामागे भाषांतराचा घोळही आहे. राजाने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी असं मूळ हिब्रू वाक्य. ग्रीक भाषांतरकारांनी तिथल्या ‘प्रत’चं ‘दुसरं नियमशास्त्र’ केलं आणि तेच नाव पुस्तकाला चिकटलं. मराठी बायबलमध्ये या पुस्तकाचं नाव ‘अनुवाद’ आहे, ते मला इंग्रजीपेक्षा सरस वाटतं. आज आपण अनुवाद म्हणजे भाषांतर समजतो, पण मुळात तो ‘मागून पुन्हा म्हणणं’. गुजराती बायबलमध्ये ‘पुनर्नियम’ आहे, तेही अर्थाला धरून.

‘ड्यूटेरोकॅनॉनिकल’ हा शब्द सिएनाच्या सिक्स्टसने १५६६ मध्ये वापरात आणला. तोबीत, यहूदीत, मक्काबी वगैरे जी पुस्तकं कॅथलिक बायबलात आहेत पण प्रोटेस्टंट ज्यांना मूळ शास्त्रात धरत नाहीत, त्यांच्यासाठी. इथे रांग मान्यतेच्या काळाची. आधी मान्य झालेली पहिली, चर्चेअंती नंतर मान्य झालेली दुसरी. दर्जा कमी असा अर्थ कॅथलिक लावत नाहीत.

ड्यूटेरॅगोनिस्टकडे पटकन जाऊ. ‘ॲगोनिस्ट’ म्हणजे स्पर्धेत उतरलेला. ग्रीक नाटकं स्पर्धेत होत. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे दुसरा नट रंगमंचावर आणला एस्किलसने, तिसरा सोफोक्लिसने. रांग नटांची. दुसरा म्हणजे खलनायक नव्हे, हे मुलांना ठासून सांगा. तो ‘अँटॅगोनिस्ट’, त्याचा उपसर्गच वेगळा.

आणि ‘ड्यूटेरोगॅमी’, म्हणजे पहिला जोडीदार वारल्यावर किंवा घटस्फोटानंतर केलेलं दुसरं लग्न. ‘बायगॅमी’ म्हणजे एकाच वेळी दोन लग्नं, आणि तो गुन्हा. मोजदाद आणि क्रम यांतला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे सापडणार नाही. उदाहरण आपल्याच गावात आहे. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये रावपुऱ्यातला टॉवर बांधला. त्या गेल्यावर १८८५ मध्येच महाराजांनी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी लग्न केलं आणि सासरी त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. ही ड्यूटेरोगॅमी.

राहिला ‘ड्यूटेरोमायसेट्स’. ‘मायसेट्स’ म्हणजे बुरश्या. हा शब्द फोडून हाती फारसं लागत नाही, व्याख्या पाठ केलेली बरी : ज्यांची फक्त अलैंगिक अवस्था माहीत आहे अशा बुरश्या. लैंगिक अवस्था सापडली की त्या बुरशीची रवानगी दुसऱ्या वर्गात होते. अल्टर्नेरिया, ट्रायकोडर्मा ही नेहमीची उदाहरणं.

मराठीत सांगताना

‘दुय्यम’ हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे दुय्यम निबंधक म्हणजे हुद्द्याने खालचा. त्या शब्दात उतरंड आहे. वरच्या शब्दांपैकी थोडाफार चालेल तो ड्यूटेरॅगोनिस्टला, तिथेही ‘दुसरं प्रमुख पात्र’ जास्त बरं. वेळेचा क्रम असेल तर ‘नंतरचा’, पुनरावृत्ती असेल तर ‘पुन्हा’, यादीतला क्रमांक असेल तर ‘क्रमांक दोनचा’. ड्यूटेरोस्टोमला ‘ज्याचं तोंड नंतर तयार होतं तो’ असं लांबलचक सांगितलं तरी चालेल, पण ‘दुसऱ्या तोंडाचा’ नको.

उच्चार

मराठीत आपण ‘ड्युटेरियम’ लिहितो, पण इंग्रजीत जोर दुसऱ्या अवयवावर येतो आणि तो ‘टी’ असा ऐकू येतो : ड्यू-टी-रि-अम. ड्यूटेरॉनचा जोर मात्र पहिल्यावर. ड्यूटेरॉनॉमीत ‘रॉ’वर, ड्यूटेरॅगोनिस्टमध्ये ‘रॅ’वर, ड्यूटेरॅनोपियात ‘नो’वर. अमेरिकन माणूस ‘ड्यू’ऐवजी ‘डू’ म्हणेल, ते चूक नाही.

हात साफ करायला

हे तीन शब्द मुलांना अर्थ न सांगता सोडवायला द्या. उत्तरं खाली आहेत, पण आधी प्रत्येकाला ‘कशात दुसरं?’ विचारून बघू द्या.

‘ड्यूटेरो-पॉलिन’. संत पौलाच्या नावावर असलेली, पण त्याच्या मागून त्याच्या शिष्यपरंपरेने लिहिली असावीत असं अनेक अभ्यासक मानतात ती पत्रं. रांग लेखकांची : पौल पहिला, हे त्याच्या मागचे.

‘ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्म’. क्लोरोफॉर्ममधल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवलेलं. इथे उपसर्ग थेट ग्रीकमधून आलेला नाही, ड्यूटेरियममधून आलाय, त्यामुळे रांग वजनाचीच. एनएमआर यंत्रात, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या यंत्रात, नमुना विरघळवायला बहुतेकदा हेच द्रावक घेतात. साधं क्लोरोफॉर्म घेतलं तर त्याच्या हायड्रोजनच्या सिग्नलखाली नमुन्याचा सिग्नल झाकला जातो.

‘ड्यूटेट्राबेनाझिन’. यात ‘टी’पुढे ‘ई’ आहे, पण लगेच ‘आर’ नाही, म्हणून वरची खूण इथे चकवते. तो ‘टे’ पुढच्या ‘टेट्रा’चा आहे, उपसर्गातलं नुसतं ‘ड्यू’ उरलंय. टेट्राबेनाझिन हे जुनं औषध, हंटिंग्टन रोगात शरीराच्या अनावर हालचाली होतात त्यावरचं. त्यातल्या सहा हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातलं, की शरीर ते सावकाश तोडतं आणि डोस कमी वेळा घ्यावा लागतो. २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. असं ड्यूटेरियम घातलेलं मंजूर झालेलं ते पहिलंच औषध.